पर्स सांभाळायला किनाऱ्यावर थांबू नका!

मे महिन्याची सुटी असो की नाताळची, समुद्रावर गेलेली आपल्याकडची कुटुंबं लांबूनही ओळखू येतात. मुलं कमरेपर्यंत पाण्यात, त्यांचे बाबा त्यांच्या मागे, आणि वाळूत चादर पसरून चपलांचे पाच जोड, दोन पर्सा, सगळ्यांचे मोबाइल आणि कोरडे कपडे सांभाळत बसलेली आई. फार तर साडी घोट्याच्या वर धरून ती एखादी लाट पायांवर घेते, फोटो निघतो, आणि लगेच म्हणते, "तुम्ही जा हो, मी आहे इथं."

मैत्रिणींनो, हा लेख त्या चादरीवर बसलेल्या आईसाठी आहे. कारण आपल्या सातारा-सांगलीपासून एका रात्रीच्या अंतरावर असा एक समुद्र आहे, की त्यात नुसतं तोंड बुडवून पाहिलं तरी एक वेगळं जग दिसतं. आणि ते पाहायला पोहता यावं लागत नाही, वय आड येत नाही, धाडसही फारसं लागत नाही. थोडी माहिती आणि थोडी तयारी, एवढंच लागतं.

कुठं आहे हे?

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवणला. सांगलीहून मालवण सुमारे दोनशे किलोमीटर, साताऱ्याहून पावणेतीनशेच्या आसपास. कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, कसाल असा रस्ता. घाटात वळणं भरपूर, म्हणून किलोमीटरपेक्षा तासांचा हिशेब धरावा. मुक्काम आदल्या रात्री मालवणात किंवा जवळच्या तारकर्लीत करा आणि बेटासाठी अख्खा दिवस मोकळा ठेवा. पहाटे घरून निघून त्याच दिवशी पाण्यात उतरण्याचा बेत करू नका. घाटातल्या वळणांनी ढवळलेलं पोट बोटीत बसल्यावर उरलासुरला दम काढतं.

मालवणच्या धक्क्यावरून समोरच कुरटे बेट दिसतं, आणि त्यावरचा सिंधुदुर्ग किल्ला. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याच्या बांधकामाला सुरुवात केली. सुमारे तीन वर्षांत ४८ एकरांचं अख्खं बेट तटाच्या कवेत आलं. तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर. चहूकडे खारं पाणी, पण आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. नावं ऐकूनच कळतं की पाण्याची किंमत जाणणाऱ्या माणसांनी ती ठेवली असणार! राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवाजी महाराजांचं देऊळ इथं आहे, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे इथं दाखवतात, आणि काही कुटुंबं आजही किल्ल्यात राहतात. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यात सिंधुदुर्ग आहे.

एवढं बहुतेक जण पाहतात, आणि परत येतात. पण खरी गंमत तटाच्या बाहेर आहे, पाण्याखाली.

१९८७ साली या भागातला सुमारे २९ चौरस किलोमीटरचा समुद्र 'मालवण सागरी अभयारण्य' म्हणून जाहीर झाला. महाराष्ट्रातलं हे पहिलं सागरी अभयारण्य. त्यातला तीन चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक भाग गाभ्याचा, म्हणजे सगळ्यात जपण्याचा. सिंधुदुर्ग किल्ला आणि शेजारचं पद्मगड बेट या गाभ्यातच येतं. दाजीपूरच्या जंगलात जसा गवा, तसं या पाण्यात प्रवाळ.

प्रवाळ म्हणजे आपल्या अंगठीतलं पोवळं नव्हे

पोवळं म्हटलं की आपल्याला मंगळाची अंगठी आठवते, नाहीतर आजीची माळ. ते लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातून येतं. मालवणच्या पाण्यातलं प्रवाळ त्याचं दूरचं नातलग. ते तांबडंभडक नसतं. तपकिरी, हिरवट, कुठं पिवळसर, कुठं जांभळट. पहिल्या नजरेला तर खडबडीत दगडच वाटतो. पण तो दगड जिवंत असतो.

शाळेच्या जुन्या पुस्तकांत 'प्रवाळ कीटक' असा शब्द असायचा. खरं म्हणजे तो कीटक नव्हे. जेलीफिशच्या कुळातला एक चिमुकला, मऊ जीव आहे तो. समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन तो आपल्याभोवती घर बांधतो. अशी हजारो घरं एकमेकांना चिकटली की प्रवाळाचा खडक तयार होतो. या जिवाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. घरमालकानं भाडेकरू ठेवावा तसं! पण हा भाडेकरू पैशात नाही, जेवणात भाडं देतो. सूर्यप्रकाशात तो अन्न तयार करतो आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. प्रवाळाचा रंगही बराचसा या शैवालामुळेच.

समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं, की हा संसार मोडतो. शैवाल निघून जातं, प्रवाळ पांढरं पडतं आणि उपाशी राहतं. पाणी लवकर निवलं तर ते सावरतं, नाहीतर मरतं. २०२३ पासून जगभरच्या समुद्रांतून अशा बातम्या आल्या. गोलसर, भरीव जातीचं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. म्हणजे आपल्या मुलीच्या जन्मापासून तिच्या लग्नापर्यंत जेवढं वाढलं, तेवढं एका माणसाच्या पायाखाली एका क्षणात मोडतं. हे पुढं पाण्यात उतरताना लक्षात ठेवा.

नळीची गोष्ट

या जगाकडं पाहण्याच्या दोन रीती आहेत. पाठीवर हवेची टाकी बांधून खोल जायचं ते स्कूबा. आणि पाण्यावर पालथं तरंगत, चेहरा पाण्यात ठेवून नळीतून श्वास घ्यायचा ते स्नॉर्केलिंग. आपण बोलतोय ते दुसऱ्याबद्दल.

साहित्य अगदी साधं. डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मुखवटा, आणि दीड-पावणेदोन वीत लांबीची वाकडी नळी. नळीचं एक तोंड आपल्या तोंडात, दुसरं पाण्याच्या वर. अंगात तरंगतं ठेवणारं जॅकेट. बहुतेक ठिकाणी नवख्या माणसाला धरायला हवा भरलेलं कडं देतात आणि सोबत एक वाटाड्या असतो.

तुम्ही विचाराल, नळी आणखी लांब केली तर खोल नाही का जाता येणार? नाही. खाली गेलं की पाणी छातीवर दाबतं, हाताच्या लांबीइतक्या खोलीवरच छाती फुगवणं जड होतं. शिवाय लांब नळीत आपणच सोडलेली वाईट हवा साचून राहते आणि तीच परत आत येते. म्हणून नळी आखूडच असते, आणि म्हणूनच तुम्ही पाण्याच्या पृष्ठभागावरच राहता. भीती वाटणाऱ्या बाईला यापेक्षा मोठा दिलासा कोणता?

अवघड असतं ते एकच: नाकाऐवजी तोंडानं श्वास घेणं. आमच्या भिशीच्या सात जणी गेल्या डिसेंबरात गेलो होतो. त्यात एक अठ्ठावन्न वर्षांच्या काकू होत्या. त्या बोटीच्या कडेला अडून बसल्या. वाटाड्या मुलगा विशी-बाविशीचा असेल. तो पाण्यातूनच म्हणाला, "काकीनू, तोंडान श्वास घेवा, नाक इसरान जावा." काकूंनी तीनदा तोंड घातलं, तीनदा काढलं. चौथ्यांदा घातलं ते वीस मिनिटं वर आलंच नाही! वर आल्यावर पहिलं वाक्य, "अगं, खाली बाजार भरलाय!"

खरंच बाजारच. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे झुंडीनं फिरत होते. खडकाच्या कपारीतून एक थोराड हेकरू आमच्याकडं टक लावून पाहत होता. काळे लांब काटे परजून समुद्री साळिंदरासारखे जीव बसले होते. पाण्यात सगळं खऱ्यापेक्षा साधारण एक-तृतीयांश मोठं आणि जवळ दिसतं, त्यामुळं बोटाएवढा मासाही भाव खाऊन जातो.

घरी करायची तयारी

जाण्याआधी आठवडाभर रोज पाच मिनिटं द्या. नळी-मुखवटा मिळाला तर उत्तम, नाहीतर नुसतं नाक चिमटीत धरून तोंडानं सावकाश श्वास घ्यायची सवय करा. साहित्य असेल तर मोठ्या घमेल्यात किंवा टबात पाणी घेऊन त्यात चेहरा बुडवा. घरातले हसतील, हसू द्या. पाण्यात घाबरण्यापेक्षा न्हाणीघरात हसू झालेलं बरं.

मुखवटा बसतो की नाही हे पट्टा न लावता पाहावं. चेहऱ्याला टेकवायचा आणि नाकानं हवा आत ओढायची. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. एखादी बट आत अडकली तरी तिथून पाणी शिरतं, म्हणून केस घट्ट मागं बांधा. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी लावून धुतात. ऐकायला कसंसं वाटतं, पण उपाय अचूक आहे.

चष्मा असेल तर तो मुखवट्याच्या आत बसत नाही, काड्यांमुळं फट राहते. जवळचा चष्मा असेल तर बिघडत नाही. लांबचा मोठा नंबर असेल तर नंबरची काच असलेला मुखवटा मिळतो का ते आधी विचारून ठेवा.

कपड्यांचं काय? साडी आणि ओढणी पाण्यात घातक. ती पायात, हातात अडकते, बोटीच्या यंत्रातही अडकू शकते. अंगासरशी पूर्ण बाह्यांचा कुर्ता किंवा टी-शर्ट आणि घट्ट पायजमा किंवा लेगिंग, एवढं पुरे. कापड सुती नको. सुती कपडा पाणी पिऊन जड होतो आणि वाळतही नाही. पूर्ण बाह्यांचा दुसरा फायदा असा, की पालथं तरंगताना सगळं ऊन पाठीवर, मानेवर आणि पोटऱ्यांवर पडतं. उन्हाच्या क्रीममधली काही रसायनं प्रवाळाला बाधतात. हवाई बेटांवर तर २०२१ पासून अशा क्रीमच्या विक्रीवर बंदी आहे. तेव्हा क्रीम थापण्यापेक्षा कपड्यानं अंग झाकणं आपल्या कातडीला बरं आणि समुद्रालाही.

मंगळसूत्र, बांगड्या, पाटल्या घरी किंवा मुक्कामी ठेवून या. पाण्यानं बोटं आक्रसतात आणि अंगठी नकळत निसटते. "मंगळसूत्र कसं काढायचं?" असं वाटत असेल तर काळ्या मण्यांची साधी आखूड पोत घाला, पण सोनं पाण्यात नेऊ नका.

पोटाचं म्हणाल तर उपाशीही जाऊ नका आणि भरपेटही. दोन तास आधी दशमी किंवा इडलीसारखं हलकं खा. भजी, मिसळ परतीसाठी राखून ठेवा. बोट लागते त्यांनी आलेपाकाची वडी जवळ ठेवावी, नजर दूर क्षितिजावर ठेवावी. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, बोटीत चढायच्या आधी. दमा, हृदयविकार, फिट्स, वाढलेला रक्तदाब असेल, किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. तो लपवून 'चालतंय' म्हणू नका.

भीती खरी आहे, तिला प्रश्न विचारायला लावा

आपल्या भागातल्या बाईला "बोटीला काय घाबरायचं?" असं म्हणणं सोपं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसं हलवताना बोट उलटली. त्यात बायका होत्या, लेकरं होती. सांगलीत ती आठवण अजून ओली आहे. आणि २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. म्हणून भीती वेडी नाही. पण भीतीनं घरी बसवण्यापेक्षा तिनं आपल्याला चार प्रश्न विचारायला लावावेत.

बोटीत किती माणसांना परवानगी आहे, आणि आत्ता किती बसली आहेत? प्रत्येकाला, लहान मुलांनाही, मापाचं जॅकेट आहे का? पाण्यात आमच्याबरोबर कोण उतरणार, आणि एकेकाकडं किती जणी? आज समुद्र कसा आहे, बंदरातून काही सूचना आहे का? उत्तर गोलमाल आलं तर सरळ उतरून या. चार लोक काय म्हणतील, पैसे दिलेत, सगळे खोळंबतील, हे सगळं मनातून काढा. भाजीवाल्याकडं कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाच मिनिटं घासाघीस करणाऱ्या आपण, जिवाच्या बाबतीत गप्प का बसतो?

जॅकेट नुसतं अडकवून भागत नाही. सगळे बंद लावा. मग कुणाला तरी खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे, बदलून मागा. पैसेही बोटीत चढण्याआधी ठरवा, त्यात काय काय आलं ते विचारून.

जायचं केव्हा? पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी सहसा जास्त नितळ. तिथी आपल्याला पाठ असतातच, त्यांचा इथं उपयोग करा. पौर्णिमा-अमावास्येला समुद्राला उधाण असतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे चढउतार कमी आणि प्रवाहाचा जोरही कमी. नवख्या बाईनं अष्टमी गाठावी. वेळ सकाळची, वारा उठायच्या आधीची.

पाहुणी म्हणून जा

१९८७ साली अभयारण्य जाहीर झालं तेव्हा तिथल्या मच्छीमारांना ते सहज पटलं नाही. वाडवडिलांपासून ज्या पाण्यात रापण ओढली, तिथंच बंधनं आली तर चूल कशी पेटायची, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो रास्तच होता. आज त्याच वस्त्यांतली कितीतरी मुलं आपल्यासारख्यांना पाण्याखालचं दाखवून चार पैसे मिळवतात. म्हणजे प्रवाळ राहिलं तर त्यांचं घर चालतं, आणि आपल्यासारख्यांच्या गर्दीनंच ते मोडायची भीतीही आहे. हा तिढा सोडवण्यातला छोटासा भाग आपल्या हातात आहे.

कुठंही पाय टेकू नका. दमलात तर कड्याला धरा, वाटाड्याला हाक मारा, पण खडकावर उभं राहू नका. नांगर प्रवाळावर टाकू नये, बोट तरंगत्या पिंपाला बांधावी, असं नावाड्याला गोड शब्दांत सांगा. माशांना पाव-बिस्किटं घालू नका. ते त्यांचं अन्न नाही, आणि सवय लागली की ते आपलं नेहमीचं काम सोडून बोटीमागं फिरतात. आणि शोकेससाठी म्हणून प्रवाळाचा तुकडा, समुद्रपंखा, समुद्री घोडा काही उचलू नका, कुणी विकत देत असेल तर घेऊ नका. २००१ पासून त्यांना वन्यजीव कायद्यात वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. वाघनख घरात ठेवाल का? मग हेही नको.

परत आल्यावर

पाण्यातून बाहेर आल्याबरोबर गोड्या पाण्यानं डोकं आणि अंग धुवा. जाण्याआधी केसांना थोडं खोबरेल लावलं असेल तर खारं पाणी कमी मुरतं आणि गुंता कमी होतो. कपडे आधी दोनदा नुसत्या साध्या पाण्यातून काढा, मगच साबण लावा. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट चिकट साका कपड्यांवर बसतो. कान दुखत असेल तर त्यात तेल घालू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि सगळं आटोपलं की सोलकढीचा पेला घेऊन दहा मिनिटं नुसत्या बसा. कुणाला काय हवं ते विचारायला उठू नका.

आता राहिला प्रश्न पर्स, चपला आणि मोबाइलांचा. त्यावर उपाय सोपा आहे: पाळी लावा. अर्धा तास तुम्ही पाण्यात, बाबा चादरीवर. पुढचा अर्धा तास ते पाण्यात. मुलं मोठी असतील तर त्यांचीही पाळी. घरातलं एक माणूस नेहमी किनाऱ्यावरच बसतं आणि ते कायम तेच असतं, हे मुलांनी पाहू नये. विशेषतः मुलींनी तर अजिबात पाहू नये. त्यांनी आईला पाण्यात तोंड घालून, नळीतून फुसफुस श्वास घेत, माशांच्या मागं जाताना पाहावं.

दिवाळीनंतरचं कॅलेंडर काढा, सुटीला जोडून येणारी अष्टमी शोधा आणि तिच्यावर पेनानं गोल करा. उरलेलं ठरवता येईल.